थॉर्नहोपचं रानडुक्कर

हेरफर्ड
९ एप्रिल १९७४

प्रिय ह्यूबर्ट,

वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझ्या धाकट्या भावाला त्रेसष्ट पूर्ण झाली, म्हणजे आता त्याला शहाणपण यायला हरकत नाही. पण मी आशा लावून बसलेली नाही.

सोबतच्या खोक्यात चहाची किटली आहे, जपून उघड. तिचा आकार बुरुजाचा आहे, झाकणाला तटासारखे दाते आहेत आणि बाण मारायच्या झरोक्यातून चहा बाहेर येतो. दुकानात ती दिसली तेव्हाच मी म्हटलं, ही वस्तू जगात एकाच माणसासाठी बनवलेली आहे आणि तो ग्रँथममध्ये राहतो.

आपला जूनचा पहिला शनिवार या वर्षी १ तारखेला येतो आहे. नेहमीसारखं अकरा वाजता, थॉर्नहोपच्या फाटकापाशी. अंड्याचे सँडविच माझ्याकडे, चहा तुझ्याकडे. या वेळी थर्मासचं झाकण नीट लाव. गेल्या वर्षी तू मोठ्या दालनात जे तळं केलंस ते पॉबजॉयनं बघितलं होतं बरं का. किल्ल्याचा रखवालदार तो, ‘दालनात खाण्यापिण्यास मनाई’ ही पाटी त्यानंच रंगवलेली आणि आपण त्याच दालनाच्या खिडकीत बसून बारा वर्षं जेवतोय. तळ्याकडे बघून तो म्हणाला, “छप्पर गळतंय वाटतं,” आणि टोपीला हात लावून निघून गेला. असा सभ्य माणूस आता मिळायचा नाही.

गेल्या जूनमध्ये तू मला दालनाच्या मधोमध, त्या जुन्या चुलीपाशी उभं करून धूर वर कसा जायचा ते समजावलंस. मी दोनदा “खरंच?” म्हणाले, तुला आठवत असेल. छताच्या तुळया राहिल्या, त्या पुढच्या वर्षी, असं तूच म्हणाला होतास. मी तयारीत आहे. गरम बनियन आणि दोन जोड मोजे काढून ठेवलेत.

भिंतीवर टांगलेल्या, शिकारीचं चित्र विणलेल्या पडद्यातल्या रानडुकराला माझा नमस्कार सांगेन म्हणतेय. शिकारी चारी बाजूंनी भाले घेऊन आलेत आणि त्याचा चेहरा मात्र प्रार्थनेची वही हरवलेल्या पाद्र्यासारखा. दर वर्षी त्याला बघितलं की मला वाटतं, याला कुणीतरी एक कप चहा द्यायला हवा.

तुझी,
म्युरिएल

\*

ग्रँथम
१६ एप्रिल १९७४

प्रिय म्युरिएल,

किटली सुखरूप पोचली. तिच्याबद्दल काय लिहावं, मला शब्द सापडत नाहीत. मी तिला घरातल्या अगदी खास जागी ठेवलं आहे.

उपकाराची फेड म्हणून नव्हे, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक ग्रंथ मिळाला तो पाठवत आहे. विषय, मध्ययुगीन किल्ल्यांमधली स्वयंपाकघरं. चांगला जाडजूड आहे. दालनातला कोरीव लाकडी आडपडदा तुला इतका आवडतो, तर त्याच्यामागून जेवणाची ताटं कशी यायची याच्यावर यात अख्खं प्रकरण आहे. तू एका बैठकीत संपवशील याची मला खात्री आहे.

तुळयांचा मी अभ्यास केला आहे. तुझी निराशा होणार नाही.

माझी तब्येत उत्तम. तुझ्या मोज्यांच्या तयारीवरून तुझीही तशीच दिसते. थर्मास नवा घेतला आहे. जुन्याच्या झाकणात दोष होता, माझ्यात नव्हता, याची नोंद घ्यावी.

तुझा,
ह्यूबर्ट

\*

ग्रँथम
१७ एप्रिल १९७४

प्रिय हॅरिएट,

मामाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. काम आहे, आणि ते फक्त तुझ्यामाझ्यात राहायला हवं.

माझ्या डाव्या खुब्याची वाट लागली आहे. डॉक्टर लोमॅक्स म्हणतात, सपाट जमिनीवर हवं तेवढं चाला, पण गोल जिने बंद. आता थॉर्नहोपला तुझी आई दर वर्षी मला दालनातून वादकांच्या सज्ज्यात नेते आणि तिथून बुरुजावर. जिना म्हणजे दगडी स्क्रू आहे नुसता. पण ती पायरीपाशी उभी राहून “चल, तुला वर जायचं असेल ना?” असं इतक्या उत्साहानं विचारते की नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता खरं सांगतो. मला ते दालन बिलकूल आवडत नाही. जूनमध्येही तिथे दात वाजतात. कुत्र्यांना हाडं टाकत जेवणाऱ्या लोकांबद्दल मला कधीच काही वाटलं नाही. पस्तीस वर्षं मी पाणीखात्यात काढली, त्यामुळे खंदक बघितला की फक्त एवढंच मनात येतं की हे पाणी कुणीतरी उपसायला हवं. बारा वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो ते केवळ पावसात अडकलो म्हणून. तुझी आई आत शिरली, वर बघितलं आणि म्हणाली, “किती भव्य!” बस. त्या दिवसापासून मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून चुली आणि तुळया पाठ करतोय, म्हणजे तिला सांगायला माझ्याजवळ काहीतरी असावं.

तुझे वडील गेल्यापासून तिला दुसरी हौस ती काय? तेव्हा खुब्याचं तिला कळू न देता जिना कसा टाळावा ते सुचव. वकिलांच्या कचेरीत टायपिंग करतेस, अशा युक्त्या तुझ्या कानावर रोज येत असतील.

ती किटली मी बागेतल्या खोपटात ठेवली आहे. चहा झरोक्यातून येत नाही, तटातून पाझरतो.

तुझा,
मामा

\*

हेरफर्ड
१९ एप्रिल १९७४

प्रिय हॅरिएट,

तुझ्या मामानं आज मला एक पुस्तक पाठवलंय. विटेच्या आकाराचं. स्वयंपाकघरांबद्दल आहे म्हणून मी ते स्वयंपाकघरातच ठेवलं, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर पीठ नीट मळता आलं.

हसू नकोस आणि त्याला सांगू नकोस. थॉर्नहोपचा मला मनापासून कंटाळा आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला आठवतं ना, तुझी बेरिल मामी आणि मी एका खोलीत बसलो की दुधाचं दही व्हायचं. म्हणून ह्यूबर्ट आणि मी एकमेकांच्या घरी न जाता मध्यावर कुठेतरी भेटायचं ठरवलं. त्या पहिल्या दिवशी धो धो पाऊस, आम्ही त्या दालनात पळत शिरलो, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, “किती भव्य!” लोकांच्या नव्या पडद्यांना म्हणतो तसं. त्याचा चेहरा असा काही उजळला! पुढच्या वर्षी तो पुस्तक वाचून आला, त्याच्या पुढच्या वर्षी टिपणं काढून. मग मी काय करणार? किल्ल्याचं चित्र असलेलं जे दिसेल ते मी त्याच्यासाठी घेत सुटले.

बेरिल जाऊन चार वर्षं झाली. खरं तर आता तो माझ्याकडे येऊ शकतो. पण मी बोलावलं तर त्याला वाटेल, हिला आता प्रवास झेपत नाही. आणि त्याचा तो शनिवार मी हिरावून घेतल्यासारखं होईल. त्याला दुसरं आहे तरी कोण?

गेल्या वर्षी बुरूज चढताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एवढी त्याला त्या जागेची भक्ती. मी मुकाट्यानं मागून चढले.

तुझी,
आई

\*

हेरफर्ड
७ मे १९७४

प्रिय ह्यूबर्ट,

बसून वाच. वर्तमानपत्रात आलंय की थॉर्नहोपच्या दालनाच्या तुळयांना कीड लागलीय. लाकडात पोखरणारे किडे. छत उतरवायचं आहे आणि सप्टेंबर संपेपर्यंत किल्ला बंद. तुझ्या तुळया, नेमक्या याच वर्षी! किड्यांनीही तुझ्याआधी अभ्यास उरकला म्हणायचा.

तुझ्या मनाला काय वाटत असेल ते मी समजू शकते. आता दालनच नाही म्हटल्यावर तू एवढ्या लांबून गाडी हाकत यावंस असं मी कशी म्हणणार? दुसरीकडे कुठे भेटायचं तुझ्या मनात असेल तर कळव, नसेल तरी मला काही वाटणार नाही. तुला सोयीचं असेल तसं.

म्युरिएल

\*

ग्रँथम
१० मे १९७४

प्रिय म्युरिएल,

बातमी वाचली. फार वाईट झालं.

तुझं म्हणणं अगदी रास्त आहे. दालनाशिवाय तुला घराबाहेर काढणं म्हणजे तुझ्यावर अन्याय होईल, आणि दुसरं कुठलंही ठिकाण तुला फिकंच वाटणार. तेव्हा या वर्षी राहू द्यावं हे बरं. पुढच्या जूनमध्ये बघू.

नवा थर्मास वर्षभर टिकेल.

तुझा,
ह्यूबर्ट

\*

ब्रिस्टल
१६ मे १९७४

प्रिय आई आणि मामा,

हे पत्र मी कचेरीतल्या टाइपरायटरवर, मधे कार्बन घालून, दोघांना एकदम लिहितेय. खालची अंधुक प्रत कुणाला जाणार ते नाणं उडवून ठरवलंय, त्याच्यावरून भांडू नका.

मंगळवारी आईचं पत्र आलं: “तुझ्या मामाला किल्ला हवा होता, बहीण नव्हे. बंद झाला तसा त्यानं मला पुढच्या वर्षावर ढकललं.” बुधवारी मामाचं आलं: “तुझ्या आईला डोक्यावर कोरीव छत नसेल तर भाऊही नको आहे. ठीक आहे. वय झालं की माणसानं फार अपेक्षा ठेवू नयेत.” दोन्ही पत्रांवर शाई फुटलेली आहे, आणि तुमच्यापैकी कुणाचंही पेन गळत नाही हे मला माहीत आहे.

मी आजवर कुणाचं गुपित फोडलेलं नाही. आज दोन फोडते.

आई, मामाला ते दालन अजिबात आवडत नाही. तो बारा वर्षं तुझ्यासाठी तिथे जातोय. मामा, आईला ते दालन अजिबात आवडत नाही. ती बारा वर्षं तुझ्यासाठी तिथे जातेय. बुरुजावर कुणालाच जायचं नव्हतं. मामाचा चेहरा पांढरा पडला तो भक्तीनं नव्हे, खुब्यानं. त्याला डॉक्टरांनी जिने बंद केलेत.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुमच्या भिडेनं तुम्हाला बारा वर्षं थंडीत कुडकुडवलं ते ठीक, पण आता ती तुमची भेटही खायला निघाली आहे. तुम्हाला एकमेकांना भेटायचं आहे. तुम्ही दोघांनीही मला तसं लिहिलंय, फक्त एकमेकांना लिहिलेलं नाही.

१ जून, साडेअकरा वाजता, रग्बी स्टेशनसमोरचं चहाचं दुकान. आत शेगडी आहे, खुर्च्यांना गाद्या आहेत आणि एकही तुळई नाही. मी तुमच्या नावानं टेबल सांगून ठेवलंय.

तुमची,
हॅरिएट

\*

हेरफर्ड
१८ मे १९७४

ह्यूबर्ट,

खालची प्रत मला आली. अक्षरं अंधुक होती, पण अपमान स्पष्ट वाचता आला.

आधी मी रागावले. मग मला तू त्या चुलीपाशी उभा राहून, नाक लाल झालेलं, धुराची दिशा हातानं दाखवतोस तो आठवलास, आणि मी जी हसत सुटले ती शेजारच्या मिसेस पिंचबेक विचारायला आल्या, काही हवंय का. अरे मेल्या, एकदा तरी जांभई द्यायची होतीस! मी लगेच ओळखलं असतं.

आता सगळं खरं खरं सांग. किटली कुठे आहे? त्याच्या आधीचा तो ढालीचा टोस्ट ठेवायचा स्टँड? बुरुजांचे हातरुमाल? मीही कबूल करते, तुझी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. एक टेबलाखाली आहे, दोन खिडकी उघडी ठेवायला वापरते, आणि खंदकांवरचं मी चर्चच्या जत्रेत विकायला दिलं. ते कुणी घेतलं नाही. पाद्रीबाबांनी मला परत आणून दिलं.

आणि खुब्याचं मला सांगायला तुला काय झालं होतं? मी बहीण आहे का कोण आहे?

रग्बीला येते.

म्युरिएल

ता.क. रानडुक्कर मात्र मला खरंच आवडतं. त्यात खोटं काही नव्हतं.

\*

ग्रँथम
२० मे १९७४

प्रिय म्युरिएल,

प्रश्नांची उत्तरं क्रमानं देतो. किटली बागेतल्या खोपटात, तिच्यात मी सुतळी ठेवतो. टोस्टचा स्टँड पाकिटं उभी करायला. हातरुमालांनी मी गाडी पुसतो आणि ते कामाला फार उत्तम आहेत, त्याबद्दल मनापासून आभार.

जांभईचं म्हणशील तर सहाव्या की सातव्या वर्षी मी एक दिली होती. तू म्हणालीस, “दमलास का, थोडा वेळ अजून बसू या,” आणि आपण आणखी तासभर बसलो. त्यानंतर मी धाडस केलं नाही.

खुब्याचं सांगितलं नाही, कारण तुझी मौज बिघडली असती. ते आता किती हास्यास्पद दिसतं ते मला कळतं आहे.

रानडुक्कर मलाही आवडतं. तेवढं मान्य.

१ जून, साडेअकरा.

तुझा,
ह्यूबर्ट

\*

ग्रँथम
३ जून १९७४

प्रिय म्युरिएल,

शनिवारचा वेळ छान गेला. चहाबरोबरचे ते स्कोन पाव ताजे होते आणि मुरांबा घरचा असावा. परतीच्या वाटेत रहदारी नव्हती.

तुझा,
ह्यूबर्ट

\*

हेरफर्ड
६ जून १९७४

प्रिय ह्यूबर्ट,

हो, छानच गेला. खुर्च्याही आरामशीर होत्या. गाडीत मला बसायला जागा मिळाली. इथे आता हवा सुधारली आहे.

म्युरिएल

\*

ग्रँथम
२ सप्टेंबर १९७४

प्रिय म्युरिएल,

तीन महिने मी हे पत्र लिहायला घेतो आणि अर्ध्यावर टाकून देतो. आज पूर्ण करून पेटीत टाकूनच घरी येणार आहे, म्हणून आधी कोट घालून मग लिहायला बसलो आहे.

रग्बीला आपण समोरासमोर बसलो आणि आपल्याला बोलायला काही सुचेना. तू हवेबद्दल बोललीस, मग मी हवेबद्दल बोललो. तू स्कोनचे चार तुकडे केलेस आणि मग त्या तुकड्यांचे तुकडे केलेस. मी शेगडीची स्तुती केली, मला वाटतं दोनदा. ती वाढणारी मुलगी सारखी येऊन विचारत होती, “आणखी काही?” आणि दर वेळी आपल्याला हायसं वाटत होतं, कारण तिच्याशी तरी बोलता येत होतं. एक वाजता तू घड्याळ बघितलंस. मी आधीच बघितलं होतं. बारा वर्षं आपण एकमेकांशी खोटं बोलत होतो तेव्हा संध्याकाळी पॉबजॉयला आपल्याला बाहेर काढावं लागायचं, आणि खरं बोलायला लागलो त्या दिवशी दीड तासात निघालो.

का, याचा मी खूप विचार केला. आपली ती खिडकी आठव. जाड भिंतीत कोरलेली, दोन बाजूंना दोन दगडी बैठका. तिथे बसलं की आपण एकमेकांकडे कधी बघतच नाही, दोघंही दालनात बघतो, समोरच्या भिंतीवरच्या त्या डुकराकडे. बेरिल वाचणार नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलं त्याच्या पुढच्या आठवड्यात जूनचा पहिला शनिवार होता. मी तुला ते डुकराकडे बघत सांगितलं. तूही डुकराकडेच बघत होतीस. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते सांगता आलं नसतं. तू सँडविचचा कडेचा भाग काढून मला दिलास, कारण लहानपणापासून मला तो आवडतो. बेरिलशी तुझं पटत नव्हतं, आणि तरी तू रडलीस. ते मी बघितलं नाही, पण मला कळलं.

तुझा आर्थर गेला त्या रात्रीबद्दल तू मला तिथेच सांगितलंस, हॅरिएटचे वडील जाऊन दोन वर्षं झाल्यावर का होईना. दालनात जुन्या मेजवानीचा देखावा म्हणून टेबलावर मांडलेल्या खोट्या लाकडी हंसाबद्दल बोलता बोलता मधेच सांगितलंस.

म्हणून रग्बीला जे सांगायचं होतं ते राहिलं. ते असं. माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. लोमॅक्स म्हणतात, हल्ली हे रोजचं झालंय, मोरीला नवा नळ बसवावा तसं. मी पाणीखात्यातला, नळ कसे बसवतात ते मला माहीत आहे, त्यामुळे दिलासा मिळाला नाही. इस्पितळही तेच, बेरिलचं. ती स्वतःच्या पायांनी आत गेली होती. मी घाबरलो आहे, म्युरिएल. हे कागदावर लिहायलाही मला तीन महिने लागले.

छताचं काम कुठवर आलं, तुला काही कळलं का?

तुझा,
ह्यूबर्ट

\*

हेरफर्ड
५ सप्टेंबर १९७४

माझ्या वेड्या भावा,

तू घाबरलास याचं मला वाईट वाटलं. मला सांगितलंस याचं इतकं बरं वाटलं की मी पत्र घेऊन परसात गेले आणि वालाच्या वेलांमध्ये उभी राहून रडले, म्हणजे मिसेस पिंचबेकनं पुन्हा काही हवंय का विचारायला येऊ नये.

आता ऐक. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ग्रँथमला येणार, आणि तू काठीशिवाय चालायला लागेपर्यंत राहणार. बेरिलच्या स्वयंपाकघरात मी तिच्या एकाही बरणीची जागा बदलणार नाही, हे मी तिला वचन दिलंय असं समज. तुझा “कशाला उगीच त्रास” मी आधीच वाचल्यासारखा आहे, तेवढं पोस्टाचं तिकीट वाचव. रग्बीला मलाही एक गोष्ट सांगायची होती. स्कोनचे तुकडे मी उगीच केले नाहीत. मला सांगायचं होतं की हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता अंधार पडतो तेव्हा मला घरात एकटीला सोसत नाही, आणि तू नाताळला माझ्याकडे येशील का. किती साधं वाक्य! पण तू शेगडीची स्तुती करत होतास, आणि मला वाटलं, याचं सगळं छान चाललंय, कशाला त्याच्या गळ्यात पडायचं.

पॉबजॉयला मी फोन केला. छत चढलं, किडे मेले, नव्या तुळया ओकच्याच आहेत. दालन पाच ऑक्टोबरला उघडतंय, तो शनिवार आहे. मी विचारलं, पडदा परत टांगणार ना? तो म्हणाला, “डुक्कर धुवून आलंय, बाईसाहेब. पण तोंड तसंच आहे.” मग जरा घुटमळला आणि म्हणाला, “तुमची खिडकी मी झाडून ठेवतो. जूनमध्ये तुम्ही आला नाहीत, तर मला वाटलं, दोघांपैकी कुणी...” मी म्हटलं, दोघंही आहेत अजून. तो म्हणाला, मग ठीक.

तेव्हा पाच ऑक्टोबर, अकरा वाजता, फाटकापाशी. जिना चढायचा नाही. धूर कसा जायचा ते सांगायचं नाही. ऑपरेशनबद्दल जे काय भय असेल ते सगळं घेऊन ये, आपण ते डुकराला सांगू, मी नुसती ऐकेन. माझंही थोडं आहे.

एक मात्र आता साफ सांगून ठेवते, पुन्हा बारा वर्षांचा घोळ नको. मला ते दालन अजूनही अजिबात आवडत नाही.

म्युरिएल

\*

(पोस्टकार्ड, मागे थॉर्नहोप किल्ल्याचं चित्र)

ग्रँथम
७ सप्टेंबर

मलाही नाही.

दगड फार गार असतो. दोन उशा आणतोय. कडेचे भाग फेकू नकोस.

ह्यूबर्ट